दर्यावर्दीच्या कबरीवर कुर्ली

आमच्या आईचं इतिहासाशी कधी पटलं नाही. भांडुपच्या दोन खोल्यांत मी इतिहासाची एवढी पुस्तकं आणून ठेवली, पण तिने त्यांचा उपयोग केला तो वाळत घातलेले पापड उडू नयेत म्हणून. मी बँकेत कारकून, पण मनाने संशोधक (हे बँकेलाही माहीत असावं, कारण बढती मिळत नव्हती). आईने एकदा, आयुष्यात फक्त एकदा, चार माणसांत आपलं कौतुक करावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून शहाऐंशी साली एलटीसी, म्हणजे बँकेच्या खर्चाने सहल, मिळाली तेव्हा सगळी बँक उटीला गेली आणि आम्ही कोचीनला. आफ्रिकेला वळसा घालून समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलेला तो पहिला पोर्तुगीज दर्यावर्दी कोचीनलाच वारला, आणि तिथल्या जुन्या चर्चमध्ये त्याची कबर आहे, असं मी वाचलं होतं.

"ती कबर पाहिली की आई थक्क होईल बघ!" मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

"आईंना थक्क करायचंय तर घरातला पंखा दुरुस्त करा ना," ती म्हणाली.

आगगाडीत दोन दिवस काढून आम्ही पोचलो. आईने राजवाडा पाहिला आणि म्हणाली, "आमच्या गावच्या सातेरीच्या देवळाचे खांब ह्येच्यापेक्षा बरे." बंदरातली जहाजं पाहिली. "मोठी असत. पण मासे खंय?" उरला होता माझा हुकमाचा एक्का, कबर! परतीची गाडी त्याच संध्याकाळी होती.

चर्चकडे जाणारा रस्ता समुद्राला लागून होता आणि किनाऱ्यावर मासे धरायची ती प्रसिद्ध चिनी जाळी. मी माहिती सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई जाळ्यापाशी पोचलीसुद्धा! एक कोळी नुकत्याच निघालेल्या जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, टोपलीत टाकत होता.

"काय रे बाबा, कुर्ल्यो कश्यो देतस?" आईने शुद्ध मालवणीत विचारलं. त्याने शुद्ध मल्याळममध्ये उत्तर दिलं. दोघांत कडाक्याची घासाघीस सुरू झाली आणि आश्चर्य म्हणजे दोघांनाही सगळं कळत होतं!

"आई, आपण लॉजवर राहतो. शिजवणार कुठे?"

"लॉजवालो काय उपाशी ऱ्हवता? त्येची चूल असतली ना!"

"अगं, चर्च बंद होईल! कबर बघायचीय ना?"

"तो मेलो कधी?"

"साडेचारशे वर्षं झाली."

"मगे आणखी अर्धो तास थांबलो म्हणून खंय पळान जातलो?"

मी पाकीट काढलं. शेवटी सुंभाने नांग्या बांधलेल्या सहा कुर्ल्या आईच्या वायरच्या पिशवीत घालून आमची वरात चर्चमध्ये शिरली. आत शांतता. दोन गोरे पर्यटक आणि बाकावर डुलक्या घेणारा एक राखणदार. एका बाजूला जमिनीत बसवलेला मोठा दगड, भोवती कठडा. माझा ऊर भरून आला.

"आई, हीच ती कबर!"

मेलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो, हात जोडायचे ही आईची रीत. तिने पिशवी खाली ठेवली आणि डोळे मिटले. तेवढ्यात एका कुर्लीचा सुंभ सुटला. ती पिशवीतून निघाली, कठड्याखालून आत गेली आणि थेट दर्यावर्दीच्या दगडावर जाऊन नांग्या उगारून उभी राहिली.

"वाट लागली!" मी पुटपुटलो.

"बाबल्या, धर तिका! मागसून धर, मागसून!" आईचा आवाज चर्चच्या छतापर्यंत गेला. राखणदार जागा झाला.

खरं म्हणजे मी कुर्ली खातो, धरत नाही. पण गोरे बघत होते, देशाच्या अब्रूचा प्रश्न होता. कठड्यावर पोट टेकून मी आत वाकलो आणि कुर्लीच्या मागे हात नेला. ती वळली! पुढे चर्चमध्ये जी किंकाळी घुमली ती माझी होती. हात वर केला तेव्हा बोटाला कुर्ली लोंबकळत होती. आईने तिला शिताफीने सोडवून पिशवीत टाकलं. राखणदाराने मल्याळममध्ये जे ऐकवलं, ते न कळल्याबद्दल मी देवाचा आभारी आहे.

एवढ्यात भिंतीवरची पाटी वाचत असलेली सुनंदा म्हणाली, "अहो, हे इथे नाहीतच! काही वर्षांनी यांना उकरून पोर्तुगालला नेलं, असं लिहिलंय."

"म्हणजे ह्या रिकाम्या दगडासाठी तू माका दोन दिवस गाडयेत बसयलंस?" आई म्हणाली. मी बोट चोखत होतो. तीन वर्षांचं वाचन, एक अख्खी एलटीसी, आणि कबरीत माणूसच नाही! फार वाईट वाटलं. कुर्ल्यांचं सार मात्र आईने लॉजच्या स्वयंपाकघरात घुसून झकास केलं.

भांडुपला परतल्यावर शेजारच्या बायका आमच्या दारात जमल्या. "कोचीन कसं होतं हो?" आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोचीनचा काय सांगू!" आई म्हणाली. "पण ह्यो माझो झील! सगळा आयुष्य पुस्तकात तोंड घालून बसता, माका वाटला बावळट असा. पण जित्ती कुर्ली धरल्यान, ती पण उघड्या हातान! मालवणच्या पोरांका जमाचा नाय!"

सगळ्या बायका माझ्याकडे आदराने पाहू लागल्या. खरं तर मी कुर्लीला धरलं नव्हतं, कुर्लीने मला धरलं होतं. पण मी इतिहासाचा अभ्यासक. साक्षीदार इतक्या खात्रीने बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढी शिस्त मला आहे.