दहावीचं सगळं त्याच्या डोक्यात होतं

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आमची मुलगी चौदा वर्षांची होती, आणि चौथीनंतर ती कुठल्याही शाळेत गेलेली नव्हती.

हे असं ठरवून झालेलं नव्हतं. ती चौथीत असताना लॉकडाऊन लागला आणि शाळा मोबाइलवर आली. त्याच काळात नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कंपनीत नवरा यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा, ती बंद पडली. मी विमा कार्यालयात नोकरीला, त्यामुळे घर चालत होतं. मुलगी मोबाइलसमोर पेंगायची. एक दिवस त्याने तो बंद केला आणि तिला नारळाची करवंटी आणि व्हर्निअर कॅलिपर दिलं. करवंटीची जाडी सगळीकडे सारखी असते का, बघ म्हणाला. संध्याकाळी मी घरी आले तर दोघं जमिनीवर पालथे पडून कागदावर करवंटीचा छेद काढत होते. जेवायचंही विसरले होते.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ती म्हणाली, मला बाबांकडेच शिकायचंय. तो तर तयारच होता. मी थोडी कुरकुर केली, मग गप्प बसले, कारण पोरगी फुलत होती हे मला दिसत होतं. तो तिला पंचवटीच्या भाजीबाजारात हिशेब करायला लावायचा, गंगापूर धरणावर पक्षी बघायला न्यायचा. ती मराठी वाचायची तशीच इंग्रजी वाचायची. नातेवाईक विचारायचे, पुढे काय? दहावी कशी देणार? दाखला कुठून आणणार? तो हसून सांगायचा, आहे माझ्या डोक्यात. मुक्त शाळेच्या बोर्डातून पंधराव्या वर्षी दहावी देता येते, विषय आपले आपण निवडता येतात, एवढं मला कळलं होतं. कोणते विषय, त्यानंतर काय, बारावीसुद्धा घरूनच की आणखी काही, हे मी कधी नीट विचारलं नाही. घरातल्या कामांची वाटणीच तशी होती. माझ्याकडे नोकरी आणि बँक, त्याच्याकडे मुलगी आणि तिचा अभ्यास.

झटका आला तो सकाळी, दाढी करताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, पाणी. चहा हवा असला तरी पाणी, कूस बदलायची असली तरी पाणी, मुलीला हाक मारायची तरी पाणी. पहिले काही दिवस आम्ही दर वेळी भांडं भरून आणायचो. तो मान हलवायचा, पुन्हा तोच शब्द जोरात म्हणायचा, आणि आपल्याला दुसरा शब्द येत नाही हे कळून डोळे मिटून घ्यायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी समजावून सांगितलं की पेशंटला बरंच समजतंय, पण शब्द सापडत नाहीत. आणि एक गोष्ट मला बाजूला घेऊन सांगितली. त्यांच्या होकार-नकारावर सध्या फार विसंबू नका, हो म्हणायचं असताना नाही होतं आणि नाही म्हणायचं असताना हो.

थोरले दीर घोटीहून आले. तिथे त्यांचं तांदळाचं दुकान आहे. ते भावापाशी बराच वेळ बसले, त्याचा निर्जीव हात हातात घेऊन. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "तो धड होता तोवर ठीक होतं. आता पोरीला शाळेत घाला. तुम्ही एकट्या कुठं कुठं पुरणार?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मी मुलीला घेऊन गेले. मुख्याध्यापिका वागायला चांगल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नववीत घ्यायला आधीच्या वर्षाचा निकाल लागेल म्हणाल्या, फार तर आठवीत बसवून बघू. मुलगी तोपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभी होती. मधली सुट्टी चालू होती, तिच्याच वयाच्या मुली नळावर एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या आणि ती भिंतीला पाठ लावून त्यांच्याकडे बघत होती. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, आठवीतलं सगळं मला येतं आई, बाबांनी जे ठरवलं होतं तेच करू.

पण बाबांनी काय ठरवलं होतं?

आम्ही दोघी त्याच्या खाटेजवळ बसलो. बोर्डाच्या विषयांची नावं मी मोठ्याने वाचायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. गणित म्हटलं, मान हलली. विज्ञान, मान हलली. मग मी मुद्दाम गृहविज्ञान म्हटलं, चित्रकला म्हटलं, संस्कृत म्हटलं. प्रत्येकाला त्याने तशीच मान हलवली. शेवटी तो माझ्याकडे असा बघू लागला की मी वाचणं थांबवलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ते गणिताबद्दल होतं, की संस्कृतबद्दल, की हे सगळं बंद कर असं होतं, मला कळलं नाही. मुलीने माझ्या हातून यादी घेतली आणि गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रं यांच्यापुढे खुणा केल्या. हेच असणार बाबांच्या मनात, ती म्हणाली. तो पुन्हा मान हलवत होता.

ते वर्ष तिने एकटीने काढलं. मी ऑफिसला गेले की घरी एक मावशी यायच्या, त्या त्याचं खाणंपिणं बघायच्या. व्यायाम मात्र मुलगीच करून घ्यायची आणि मधल्या वेळात अभ्यास करायची. सुरुवातीला ती त्याच्या शेजारीच बसायची, जणू आधीसारखंच चाललंय. एकदा भूमितीचं एक उदाहरण सुटेना म्हणून तिने सवयीने वही त्याच्यापुढे धरली. त्याने डाव्या हातात पेन्सिल घेतली. ज्या माणसाने पट्टीशिवाय सरळ रेघ मारून दाखवावी, त्याची रेघ कागदभर थरथरत गेली. त्याने दुसरी मारायला घेतली आणि पेन्सिल सोडून दिली. मग तो रडला, आवाज न करता. मी दारातच होते. मुलीने वही मिटली, त्याचे डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून गणित करायला ती गॅलरीत बसू लागली, त्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत आलं होतं. इतक्या वर्षांनी ती बाकावर बसणार होती. फाटकातून आत जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि लगेच सोडून दिला, कारण बाकीचे सगळे मोठे होते, एकेकटे आलेले. कोणी कारखान्यातून रजा काढून, कोणी दुकान भावावर सोपवून.

बाहेर रस्त्याच्या कडेला सावलीत एक बाई बसल्या होत्या, मांडीवर लहान बाळ. येवल्याहून आल्या होत्या, सुनेला परीक्षेला घेऊन. त्यांच्या घरात हातमागावर पैठण्या विणतात. सुनेची शाळा नववीनंतर सुटली होती. आता दहावी आणि पुढे बारावी झाली तर ती अंगणवाडीत लागेल, अशी त्यांची आशा होती. त्यांनी मला विचारलं, "तुमची पोरगी तर लहान दिसते. तिची शाळा का सुटली?"

शाळा सुटली नाही, तिला तिचे वडील घरीच शिकवायचे, मी म्हटलं.

"मग आज ते नाय आले?"

ते आजारी आहेत म्हटल्यावर त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, डबा उघडला आणि त्यातली अर्धी भाकरी माझ्यासाठी काढली. नवरा आजारी पडल्यापासून कोणीतरी मला वाढण्याची ती बहुतेक पहिलीच वेळ होती. बाळ माझ्या घड्याळाशी खेळत राहिलं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. निकाल तिने मोबाइलवर पाहिला, मला दाखवला, मग आत जाऊन त्याच्यापुढे धरला. त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तेवढं तरी आम्हाला नक्की कळलं.

अकरावी-बारावीचं घरूनच करायचं असं मी गृहीत धरलं होतं. एका रविवारी भाजी निवडताना मी तसं बोलून गेले. ती शेंगा मोडायची थांबली आणि म्हणाली, "मला पॉलिटेक्निकला जायचंय, आई. मेकॅनिकलचा डिप्लोमा. धुळ्याला."

नाशिकमध्ये पॉलिटेक्निक असताना धुळ्याला कशाला, मी विचारलं.

"नाशिकला राहिले तर मी घरीच राहीन. सकाळी बाबांचा व्यायाम, दुपारी बाबांचं जेवण. मला वर्गात बसायचंय. माझ्या वयाच्या मुली काय बोलतात ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, एवढी वर्षं कधी बोलली नाहीस. त्यावर ती म्हणाली की एवढी वर्षं तिला तसं वाटलंच नव्हतं, बाबा होते तोवर घरात पुरेसं होतं. तो पलीकडच्या खोलीत होता. त्याचा रेडिओ ऐकू येत होता. ती 'होते' म्हणाली हे तिच्याही लक्षात आलं. ती उठून गेली आणि शेंगा मी एकटीनेच मोडल्या. मला तिचा राग आला होता. मला मागे सोडून ती एकटीच या घरातून बाहेर पडणार, असं काहीतरी मनात आलं होतं, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते.

त्याला तिनेच सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, हळूहळू, एकेक वाक्य. मेकॅनिकल घेते म्हणाली, तुमच्यासारखी ड्रॉइंग काढायला शिकेन, दिवाळीला येईन. तो ऐकत होता. मग त्याने त्याचा तो एकच शब्द म्हटला, दोनदा, आणि तोंड भिंतीकडे केलं. ती माझ्याकडे वळून बघू लागली. हो म्हणाले का, आई? मी म्हटलं, हो म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं. त्याला आनंद झाला होता की त्याचा बेत आम्ही मोडला होता, की त्याला नुसती तहान लागली होती, हे मला आजही सांगता येत नाही. मी भांडं भरून आणलं. तो प्याला.

प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. तिचा जुन्या शाळेतला दाखला आम्ही कधी आणलाच नव्हता. मी तिथे गेले. कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि वर्तनाच्या रकान्यात 'चांगले' लिहून मला विचारलं, शाळा सोडण्याचं कारण काय घालू? त्या माणसाला माझ्याकडे बघून काय वाटलं कोण जाणे, त्याने आपणच 'पालकांची इच्छा' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

धुळ्याच्या वसतिगृहात तिला सोडायला मी गेले. खोलीत सुरगाण्याकडची एक मुलगी आधीच आलेली होती. ती पहिली ते दहावी आश्रमशाळेत राहिलेली. तिने कपाटाचा खालचा खण रिकामा करून दिला, चादर कशी खोचायची ते दाखवलं. घरात राहून शिकलीस म्हणजे तुला रोज आईच्या हातचं मिळालं, असं ती माझ्या मुलीला म्हणाली. माझी मुलगी म्हणाली, बाबांच्या हातचं.

दिवाळीला ती आली, भरभरून बोलली. नाटकात काम केलं होतं, कुणाशी तरी भांडण आणि मग समेटही झाला होता. तो तिच्याकडे बघत राहायचा. थंडी वाढली तशी त्याची तब्येत खालावली आणि त्याला दुसरा झटका आला. मी तिला फोन केला तेव्हा ती वर्गात होती. मिळेल त्या एसटीने ती निघाली. पोचली तेव्हा तो गेला होता. थोरल्या दिरांनी तिला दारातच जवळ घेतलं. ती त्याच्यापाशी बसली आणि त्याचा उजवा हात चोळत राहिली, रोज व्यायामाच्या वेळी चोळायची तशी, कोणी उठवेपर्यंत.

तेरावं झाल्यावर तिची परीक्षा होती. काही जण म्हणाले, यंदा राहू दे, आईपाशी थांब. मीच तिला जा म्हटलं. ठक्कर बाजारच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो.

"मी गेले नसते तर बाबा राहिले असते का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मी जावं असं त्यांना वाटत होतं का?"

हे मात्र मला माहीत नाही, असं मी तिला खरं सांगितलं. तेव्हा हो म्हणाले असं जे म्हटलं, ते माझ्या मनाने म्हटलं होतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. गाडी लागली. तिने बॅग उचलली आणि खिडकीशी जागा पकडली.

मी घरी आले. संध्याकाळी तिचा फोन आला. पोचले, जेवले, सकाळी एक ड्रॉइंगशीट द्यायचंय म्हणाली, अजून अर्धं बाकी आहे. मी म्हटलं, मग ठेव फोन आणि कर पुरं. तिने ठेवला.