रावबहादुरांकडे पाठ

जिथे बंदुका आणि म्हातारे एकत्र जमतात तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत, नुसतं उभं राहावं लागतं. मी इंटरला कॉलेज सोडलं, तेव्हापासून घरच्यांच्या हिशेबी मी वाया गेलेला. म्हणून नाशकातल्या आमच्या नेमबाजी क्लबाने मला सेफ्टीचा साहेब केलं. अर्थात बिनपगारी!

यंदा क्लबात पहिल्यांदाच नवशिक्यांची स्पर्धा घ्यायची होती. कमिटीतले म्हातारे तयार नव्हते. मी भांडभांड भांडलो. शेवटी अध्यक्ष रावबहादूर म्हणाले, "घे स्पर्धा. पण एका जरी पोराने नियम मोडला, तरी ही पहिली आणि शेवटची!"

नियम फक्त पोरांना. म्हाताऱ्यांना नियम नसतात, अनुभव असतो.

*

पहिला नियम: निशाण वर गेलं की बंदूक खाली. मी लाल निशाण सुचवलं आणि मीटिंग पेटली.

"लाल बावटा? इथे काय गिरणीचा संप आहे?" खजिनदार अण्णा ओरडले.

एक म्हणाला भगवं करा, दुसरा म्हणाला मग हिरवं का नको? पांढऱ्याला सगळ्यांचाच विरोध, ते शरण आल्यासारखं दिसतं! शेवटी मी आईचं जुनं लुगडं फाडून आणलं आणि म्हटलं, "हे फुकट आहे."

लगेच बिनविरोध पास! लुगडं लालच होतं.

*

दुसरा नियम: बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. हा शिकवायचा मान अण्णांनी मागून घेतला. पोरांसमोर स्वतःची बंदूक उचलली, म्हणाले, "आता ही बघा, रिकामी," आणि घोडा ओढला.

धडाम! मांडवाला भोक पडलं.

अण्णांनी त्या भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "काल रिकामी होती!"

हा नियम पोरांना पुन्हा सांगावा लागला नाही.

*

क्लबातले वकीलकाका दसऱ्याला पूजा केलेली रायफल तशीच घेऊन आले. मी नळीतून पाहिलं, उजेडच दिसेना. गज घातला तर आतून झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि वाळलेलं कुंकू बाहेर आलं.

"अरे, काढतोस काय? प्रसाद आहे तो!"

"काका, गोळी झाडलीत तर सगळा प्रसाद तुमच्याच तोंडावर येईल."

काकांनी हात पुढे केला आणि अक्षता घेऊन डोक्याला लावल्या.

*

आता निफाडचा भिवा. चुलत्याचा ऊस रानडुकरांपासून राखून नेम बसलेला. क्लबात मात्र नवखा. सराव चालला होता आणि रावबहादूर नेमबाजांच्या मागे बांधलेली दोरी ओलांडून थेट त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. "काय रे, कुठला तू?"

मोठ्या माणसाला पाठ दाखवून बोलायचं नाही, हे भिवाला घरचं वळण. तो बंदुकीसकट गर्रकन वळला!

क्षणात रावबहादुरांसकट मागे बसलेली अख्खी कमिटी जमिनीवर आडवी.

"राम राम मालक," भिवा गोंधळून म्हणाला. "असं झोपलात का?"

रावबहादूर धोतर झटकत उठले. "बघितलंस? म्हणून म्हणतो, बंद कर ही स्पर्धा!"

"हा सराव आहे, स्पर्धा नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही दोरीच्या आत कशाला आलात?"

रावबहादूर पगडी उचलून तरातरा दोरीबाहेर गेले.

भिवाला मी बाजूला घेतलं. "बाप आला तरी वळायचं नाही. आधी बंदूक उघडून रिकामी करायची, खाली ठेवायची, मग वळायचं."

"थोरामोठ्यांकडं पाठ? लय वाईट दिसंल."

"रावबहादुरांच्या पोटाला भोक पडलं तर बरं दिसेल?"

भिवाने डोकं खाजवलं. मला काही त्याचा भरवसा वाटेना.

*

स्पर्धेचा दिवस. सगळं सुरळीत पार पडत आलेलं. भिवाची शेवटची गोळी तेवढी राहिली होती. मागे फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोकं घालून तयार, त्याच्यासमोर कमिटी खुर्च्यांवर, रावबहादूर मधोमध पगडी सावरत.

"ए पोरा, इकडे बघ! फोटो निघतोय!"

भिवाची मान हलली नाही. माझा हात लाल निशाणावर.

"बहिरा आहेस का? मी अध्यक्ष बोलतोय!"

"आयकू येतंय मालक," भिवा समोर बघतच म्हणाला. "पण वळायचं नाय. मागल्या खेपंला मी वळलो आन् तुमीच झोपला व्हता!"

फोटो निघाला. भिवाने गोळी झाडली, बंदूक उघडली, खाली ठेवली आणि मग वळून पार जमिनीपर्यंत वाकून रामराम केला. गोळी काळ्या वर्तुळाच्या काठाला लागली होती. बक्षीस दुसऱ्यानेच नेलं.

तो फोटो आता क्लबात लागलाय. सगळ्या पगड्या कॅमेऱ्याकडे बघतायत आणि एकट्या भिवाची पाठ. मला वाटलं, संपलं. हा अपमान म्हातारा विसरायचा नाही.

परवा रावबहादूर टांग्यातून उतरले. हाताशी नातू. म्हणाले, "ह्याचं नाव घाल पुढच्या नवशिक्यांत."

मी उडालोच. "या, नेम धरायला शिकवतो त्याला."

"नेम राहू दे," ते म्हणाले आणि दोरीच्या बाहेरच थांबले. "आधी माझ्याकडे पाठ करून उभं राहायला शिकव."