ओदिलोनने न संपवलेल्या वाट्या

माझा थोरला भाऊ ओदिलोन मेस्कल, म्हणजे आमची घायपातीची दारू, पितो असं कुणी म्हटलं की त्याला राग येतो. तो म्हणतो, मी ती ‘बघतो’. आमच्या डोंगरात बारसं असो, मयत असो, देवाचा सण असो, मेस्कल आधी त्याच्या ओसरीवर येते. तो पोकळ बोरूची नळी बुडवून ओढतो आणि भोपळ्याच्या वाटीत उंचावरून धार सोडतो. वर बुडबुड्यांचे मोती उठले आणि जरा दम धरून बसले, तर पुढचं. मग दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायचं, एक घोट जमिनीला द्यायचा, एक स्वतःला. मग नावं ठेवायची. ‘पिता येईल’ यापेक्षा मोठं कौतुक त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. भट्टीवाले तेवढ्यावरही खूश होऊन जातात.

हे सगळं ठीक होतं. पण त्याची लेक फ्लोरिना लग्नाची झाली आणि त्याच्या जिभेने आमचा जीव खाल्ला.

आमच्याकडे मागणी घालायला येतात ते पाव, चॉकलेट, जिवंत टर्क्या आणि स्वतःच्या भट्टीची मेस्कल घेऊन. मुलीच्या बापाने वाटी रिकामी करून उपडी घातली की होकार. तळाशी घोट उरला, की पाहुण्यांनी टर्क्या काखेत मारून घरी चालतं व्हायचं.

पहिल्या पाहुण्यांच्या मेस्कलला दादा म्हणाला, “टायरचा वास येतोय.” दुसऱ्यांना म्हणाला, “घायपात कच्ची तोडली. घाई होती का, पोलीस मागे होते?” बिचारे टर्क्यांसकट परत गेले. गावाला वाटायचं, केवढा हा पारखी! पारखी कसला डोंबलाचा. वहिनी गेल्यापासून घरात तो आणि पोर, दोघंच; कुठली मेस्कल किती वाईट लागली, ते रोज संध्याकाळी तो तिलाच सांगत बसायचा. पोर जाऊ नये म्हणून ही सगळी थेरं. मला ते कळत होतं, फ्लोरिनालाही कळत होतं. त्यालाच तेवढं कळत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी शेजारच्या वाडीतले क्रिसोफोरो आले, त्यांच्या मुलासाठी, एलाडियोसाठी. या एलाडियोत फ्लोरिनाचा जीव अडकलेला. तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं, “आत्या, आज बाबांनी नाही म्हटलं, तर मी टर्क्यांबरोबर निघून जाईन. सांगून ठेवते.”

दादा देव्हाऱ्यासमोर बसला. क्रिसोफोरोंनी वाटी पुढे केली.

“मिश्रण आहे,” ते म्हणाले. “तीन जातींच्या घायपातीचं.”

“एका खड्ड्यात शिजवलंय, की बाटलीत लग्न लावलंय?”

“एका खड्ड्यात हो, ओदिलोनभाऊ. आईशप्पथ.”

दादाने धार सोडली. मोती उठले, आणि बसूनच राहिले. त्याने भुवई वर केली. तळहात चोळला, हुंगला, पुन्हा हुंगला. जमिनीला दिला, मग घोट घेतला.

“एस्पादीन,” तो म्हणाला. “तुमच्या खालच्या वावरातली. गोड आहे, जरा बावळट आहे.”

क्रिसोफोरोंनी मान डोलावली.

“दुसरी तोबाला. ओकच्या सावलीतली.” दुसरा घोट घेऊन तो थांबला. तोंड वाकडं करायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याचा चेहराच बदलला. त्याने डोळे मिटले. “आणि ही तिसरी... हिरव्या मिरचीसारखी चढतेय. तेपेस्ताते. अहो, ही कड्यावरची आहे. माझ्या कड्यावरची! एवढी तिखट तिथेच होते. चोर लेकाचे!”

क्रिसोफोरो पांढरेफटक पडले. एलाडियो दाराकडे सरकला. एक टर्की ओरडली.

“चोरी कसली?” फ्लोरिना स्वयंपाकघरातून झगा खोचतच बाहेर आली. “मी तोडून दिली. कडा आईचा होता, आईने माझ्या नावाने ठेवलाय. तिथल्या घायपातीसारखी सगळ्या डोंगरात नाही, असं तुम्हीच म्हणता ना? आता ठेवा नाव!”

मी तोंडाला रेबोझोचं, माझ्या शालीचं, टोक लावून हसू दाबलं. पोरीने बापाला बरोबर कोंडीत पकडलं होतं. नाव ठेवावं तर स्वतःच्याच कड्याला, आणि त्या कड्यावर वहिनीचा हात फिरलेला.

दादाने वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने वाटी तोंडाला लावली ती एका दमात रिकामी केली आणि चटईवर उपडी घातली.

क्रिसोफोरो रडायलाच लागले. एलाडियोने आनंदाच्या भरात सासऱ्याऐवजी मलाच मिठी मारली. दादा मात्र जागचा हलला नाही.

“कशी आहे, बाबा?” फ्लोरिनाने विचारलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

हा शब्द त्या ओसरीवर पहिल्यांदाच ऐकू आला.

“खूप चांगली आहे गं,” तो पुन्हा म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. “पण आता संध्याकाळी एखादी वाईट लागली, तर ते मी कुणाला सांगू?”