नंबर नसलेली सायकल

चढ लागला की सर बोलायचे थांबत. सायकलवरून उतरत नसत. अर्धं वाक्य तोंडात धरून पेडल मारत आणि वर पोहोचल्यावर उरलेलं पुरं करत. केलगेरीहून आमच्या कॉलेजात ते रोज असेच येत. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे सहकारी झालो. तरी त्यांच्या लेखी 'अरे'च राहिलो.

संस्थेनं पेट्रोलभत्ता सुरू केला तेव्हा हेडक्लार्कनं त्यांना गाडीचा नंबर विचारला. "सायकलीला नंबर नसतो हो," सर म्हणाले. भत्ता मिळाला नाही. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनीही मात्र मोटारसायकली घेतल्या. काही वर्षांनी वारं फिरलं. इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्याला निम्मी किंमत संस्था देणार, वर चार्जिंग फुकट. मीही घेतली. सर स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "पेट्रोल सोडणाऱ्याला बक्षीस आहे. मी जाळलंच नाही, तर सोडू काय? आधी जाळायला हवं होतं रे." आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

चार्जिंगसाठी सायकल स्टँडची जागा गेली. सरांची सायकल फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली आणि एका दुपारी चोरीला गेली. "सायकलच तर होती," प्राचार्य म्हणाले. "आता स्कूटर घ्या सर, योजना संपत आलीय." घरी अक्कांनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तेच लावून धरलं. नवी सायकल घेतली असती तर कुणी दमडी दिली नसती. सरांनी स्कूटर घेतली.

तिचा आवाज येत नाही, आणि मूठ जरा जास्त पिळली की ती झेप घेते. पहिल्याच आठवड्यात तळ्याजवळच्या वळणावर सर पडले. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेलो तर म्हणाले, "गाडीचा विमा आहे म्हणे. ती नव्यासारखी होऊन येईल बघ." गाडी तशी आलीही. सर अंथरुणालाच खिळले.

यंदा कॉलेजच्या दारात पर्यावरणस्नेही प्राध्यापकांचा फलक लागला. पहिलं नाव सरांचं, खाली माझं. त्यांना बरं वाटेल म्हणून मी मोबाइलमधला फोटो दाखवायला गेलो. त्यांनी तो लांब धरून सावकाश वाचला आणि मोबाइल परत दिला.

"इर्ली बिड्री," कन्नडमध्ये एवढंच म्हणाले. असू द्या, सोडा.

इतकी वर्षं कन्नडमध्ये असो की मराठीत, ते मला एकेरीतच बोलावत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला 'अहो' केलं.