तात्पुरता हजर

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, त्यामुळे कोणाबद्दल लिहायला बसलो की आपण आगाऊपणा करतोय असं वाटतं. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं. पण माझ्या रूम पार्टनरबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि एक माणूस एकाच वेळी दोन विद्यापीठांत हजर राहू शकतो, हे मी त्याच्याकडे बघूनच शिकलो.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. तो मेंढपाळाचा मुलगा. बी. ए.चं पहिलं वर्ष त्यानं हद्दीपलीकडे, विदर्भातल्या एका कॉलेजात केलेलं. आमच्या जालन्याहून एस.टी.नं तासाभराचं अंतर, पण विद्यापीठ वेगळं. दुसऱ्या वर्षाला तो आमच्याकडे आला तेव्हा ऑफिसातले बाबू म्हणाले, "प्रवेश तात्पुरता. तिकडचे विषय आपल्या विद्यापीठानं धरले तर दुसरं वर्ष, न्हाई तर परत पहिलं." वडिलांनी त्याला याहून थोडक्यात सांगितलं होतं, "परत पहिलं म्हणले तर मंग काठी घे अन् मेंढरांमागं चल."

त्यानं 'तात्पुरता' हा शब्द फार मनावर घेतला. ट्रंकेतले कपडे बाहेर काढले नाहीत. बाकावर बसायचा तोही कडेला, अर्धाच. हजेरीला "तात्पुरता हजर, सर" म्हणायचा. वर्ग हसायचा, आणि सर चष्म्यावरून बघत खरोखरच पेन्सिलीनं खूण करायचे.

आणखी एक खोड होती. कुठूनही निघताना तो मागे वळून हाक मारायचा, "चल लेकरा, बिऱ्हाड हाललं!" राजूरच्या गणपतीला गेलो होतो तेव्हा चहावाल्यानं विचारलं, "आजून कोण हाय मागं?" "न्हाई, मीच हाय," तो म्हणाला. मेंढरांचा तळ हलताना त्याची आई जुन्या जागेवर उभी राहून प्रत्येक मुलाला अशी हाक मारायची; नाहीतर लेकराचा जीव तिथंच राहतो म्हणे. "तिकडच्या कॉलेजातून निघताना हाक मारायची राहून गेल्ती," तो एकदा मला म्हणाला. "टी.सी. हातात पडली अन् गाडी सुटून राह्यल्ती."

दिवाळीनंतर विद्यापीठाचं उत्तर आलं. सगळे विषय धरले, भूगोल सोडून. अभ्यासक्रम जुळत नाही म्हणे. त्या दिवसापासून हा खोलीवरून बस स्टँडला जाताना रस्ता चुकायला लागला. मी ओरडलो की शांतपणे म्हणायचा, "मला काय इचारतो? माझा भूगोल तिकडं हाय." मी हसायचो. मग एकदा तिकडचा एक विद्यार्थी आमच्या मेसमध्ये पाहुणा म्हणून आला आणि याला बघून दचकला. "तू इथं कसा? काल तर भूगोलाच्या तासाला शेवटच्या बाकावर होतास!" काल दिवसभर तो माझ्याशेजारी बसलेला होता. 

अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत जोडली तर फेरविचार होईल, असं बाबू म्हणाले. एका दुपारी आम्ही ती आणायला तिकडच्या कॉलेजात गेलो. प्रत मिळाली. परत निघताना तो भूगोलाच्या रिकाम्या वर्गाच्या दारात थांबला आणि हळूच म्हणाला, "चल लेकरा." आत कोणी नव्हतं. तरी शेवटचं बाक करकरलं, कोणी उठल्यावर करकरतं तसं. एस.टी.त कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं. "जालना, तीन ना?" "बराबर, तीन," पार्टनर म्हणाला. तिघांच्या सीटवर आम्ही दोघंच होतो, पण मी जालन्यापर्यंत खिडकीला दाबला गेलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा रस्ता चुकला नाही. पण विद्यापीठाचं उत्तर येईना. परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपली तसे वडील दारात उभे राहिले, आणि तो ट्रंक उचलून निघाला. त्या दिवशी त्यानं मागे वळून हाक मारली नाही. वडिलांसमोर लाजला असेल.

उत्तर त्यानंतर आलं. भूगोल धरला होता. तो दुसऱ्या वर्षाला पात्र होता. हे सांगायला मी वडीगोद्रीपर्यंत गेलो, तिथं त्यांच्या मेंढरांचा तळ होता. तळाच्या जागी नुसत्या लेंड्या होत्या. कळप गोदावरी ओलांडून गेला होता.

त्यानंतर बरीच वर्षं काही कळलं नाही. गेल्या महिन्यात भोकरदनच्या बाजारात त्याची बहीण भेटली. "बी. ए. झाला की तो, दादा!" ती म्हणाली. मेंढरांमागं फिरत, बाहेरून परीक्षा देत, तिसऱ्याच विद्यापीठातून; आणि पहिल्या वर्षापासून सगळं नव्यानं. "तुमच्या इथं त्याचं काहीच धरलं न्हाई ना."

"धरलं होतं, ताई."

 पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "आता नका सांगू त्याला. खुशीत हाय."