सुषमाच्या नावाची सव्वा मूठ

सुरतेतल्या बमरोलीच्या गल्लीत सगळे तिला धुरपदाबाई म्हणत, पण ते काही तिचं जन्माचं नाव नव्हतं. पारोळ्याजवळच्या माहेरी ती सीता होती. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव गिरवलं, तेव्हा चौथी शिकलेली असूनही तिला ते वाचता आलं नाही. ताट नवऱ्याच्या बाजूने होतं आणि तिच्याकडून अक्षरं उलटी दिसत होती. मागून कुणीतरी सांगितलं, धुरपदा. सासरी थोरल्या नणंदेचं नाव सीता होतं. एका घरात दोन सीता कशाला, म्हणून सासूने आपल्या मेलेल्या सासूचं नाव हिला देऊन टाकलं, पेटीतलं जुनं लुगडं काढून द्यावं तसं. धुरपदाबाईने ते नेसलं आणि बावीस वर्षं विटू न देता वापरलं.

नवरा लोटू बोरसे सुरतेतच साच्यावर होता. यंत्रमागाला तिकडे साचाच म्हणतात. त्या खडखडाटाने त्याला ऐकू कमी येई आणि घरीही तो मोठ्याने बोले. पण वर्षातून एखाद्या दिवशी, स्वारी खुशीत असली की हळूच म्हणे, "काय सीताबाई, चहा मिळेल का?" तेवढा एक माणूस जगात उरला होता, ज्याला ती सीता असल्याचं आठवत होतं. तिने मात्र त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर म्हणे, "कार्डावर लिहिलंय, वाचा." घरात तो नुसता 'सुषमाचे आबा'.

सुषमा ही एकुलती एक. तिच्या बारशाला धुरपदाबाईच्या मनात आपल्या आईचं नाव होतं, रखमा. पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. छायाआत्याने पाळण्यात वाकून 'सुषमा' म्हटलं आणि पाठीवर चार बुक्क्या खाऊन मोकळी झाली. तेही धुरपदाबाईने गोड मानून घेतलं. आपल्याकडे बाईने नाव ठेवायचं नसतं, ठेवलेल्या नावाने हाका मारायच्या असतात, एवढं तिला कळून चुकलं होतं. सुषमानंतर पाळणा हलला नाही. लोकांनी लोटूला पुष्कळ सुचवलं. तो म्हणे, "साच्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

त्र्याण्णव सरून चौऱ्याण्णव लागलं, त्या पौषात लोटू कामावरून आला, पाणी मागितलं, आणि तांब्या हातातच राहिला.

अंत्ययात्रेत मडकं कुणी धरायचं हा प्रश्न आला, तेव्हा एकोणीस वर्षांची सुषमा पुढे झाली. "मी धरते," ती म्हणाली. बायांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. लोटूचे थोरले भाऊ सखाराम यांनी आपल्या मधल्या मुलाला, वाल्मिकला, पुढे केलं आणि धुरपदाबाईला विचारलं, "चालेल ना?" तिने मान हलवली. त्या घडीला तिला काहीही विचारलं असतं तरी तिने मान हलवली असती. पण सुषमाचं 'मी धरते' तिने ऐकलं होतं आणि ऐकून ती गप्प राहिली होती. हे तिला नंतर रोज देवापुढे दिवा लावताना आठवे.

घरात माणूस गेलं म्हणून त्या वर्षी बोरशांच्या भाऊबंदात कानबाई बसली नाही. पंच्याण्णवच्या श्रावणात बसवायचं ठरलं, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली.

कानबाई म्हणजे खान्देशी घराचा जीव. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती चौरंगावर बसते, सोमवारी तापीवर जाते. तिच्या नैवेद्याचे रोट असतात. त्यासाठी आदल्या दिवशी भाऊबंदातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. तान्हा असला तरी त्याची सव्वा मूठ, साठीचा असला तरी तेवढीच. घरची बाई मूठ टाकते आणि थोरला पुरुष नाव पुकारतो, कारण बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव पूर्ण घ्यायचं: स्वतःचं, बापाचं, आडनाव. मग सगळे गहू एकत्र दळले जातात आणि तो रोट भाऊबंदांखेरीज कुणाच्या ताटात जात नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा. ज्या घराची पडली नाही, ते घर कानबाईच्या लेखी बुजलं.

सखाराम साच्यांच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर होते. वीस माणसं हाताखाली वागवायची सवय, त्यामुळे घरीही ते सांगत, विचारत नसत. गुरुवारी संध्याकाळी ते धुरपदाबाईच्या खोलीत आले. ती डोईवर पदर ओढून चुलीकडे सरकली. जेठाशी ती आजवर समोरासमोर बोलली नव्हती. सुषमा साडीला टिकल्या लावत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"सुषमा, तुझ्या मायला सांग," सखाराम पलंगावर बसत म्हणाले, जणू माय दुसऱ्या गावाला होती. "लोटूची मूठ रिकामी राहायला नको. ज्याने अग्नी दिला त्याचा हक्क. यंदा तुमच्या घरची मूठ वाल्मिकच्या नावाने पडेल. वाल्मिक लोटू बोरसे."

"पण वाल्मिकदादाच्या बापाचं नाव तर सखाराम आहे," सुषमा म्हणाली.

"मला ठाऊक आहे त्याच्या बापाचं नाव."

"मग मोठे आबा, तुमच्या घरच्या मुठीतून त्याचं नाव काढणार?"

"माझे दोन राहतात की. एक लोटूला दिला." सखाराम उठले. "मूठ तुझ्या मोठ्या आईच्या हातची पडेल. तुझ्या मायने नुसतं यायचं, बसायचं."

ते गेल्यावर सुषमाने सुई साडीतच खोचून ठेवली. "माय, वाल्मिक लोटू बोरसे झाला, तर मग मी कोण?"

धुरपदाबाईने गव्हाचं ताट ओढलं आणि खडे निवडायला बसली. शुक्रवारी तिने उपास धरला. देव्हाऱ्यापुढे बसून ती माउलीशी मनातल्या मनात भांडली. तू बाई. तुझी गाणी बाया म्हणतात. रोट बाया थापतात, डोईवर घेऊन तुला नदीवर बाया नेतात. आणि मुठी तेवढ्या पुरुषांच्या, हे तू सांगितलंस का? मला तर कुणी तुझ्या तोंडून ऐकल्याचं सांगितलं नाही. दिवा शांत जळत होता. देवीने हो म्हटलं नाही, तसंच नाहीही म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी सखारामांच्या घरी भाऊबंद जमले. पिठाच्या गिरणीला तिकडे घंटी म्हणतात; घंटीवाल्याने ती धुऊन ठेवल्याचा निरोप आला होता. मधल्या खोलीत चौरंगापुढे सूप ठेवलं होतं, आणि थोरली जाऊ मंगलाबाई सुपापाशी बसली होती. गव्हाची परात तिच्या उजव्या हाताला. धुरपदाबाईला दाराजवळ जागा दिली. विधवेने सुपाला हात लावू नये असा काही नियम नव्हता, पण तिची जागा दाराजवळ झाली खरी.

सखाराम पुकारू लागले. "सखाराम आनंदा बोरसे." मंगलाबाईने सव्वा मूठ टाकली. "गणपत सखाराम बोरसे." पुन्हा सव्वा मूठ. "कुंदन सखाराम बोरसे." मग चुलत भावांची घरं झाली, एकेकीने येऊन आपापल्या घरच्या मुठी टाकल्या. कुणाच्या तीन, कुणाच्या पाच. एकीच्या बारा दिवसांच्या बाळाला अजून नाव नव्हतं, तर 'बाळ' म्हणून त्याचीही पडली. बाया हसल्या. "पाळण्यातला पण भाऊबंद झाला बरं," कुणीतरी म्हणालं.

नाव नसलेल्याची मूठ पडली, हे धुरपदाबाईने पाहिलं.

शेवटी सखाराम म्हणाले, "आता लोटूचं घर." मंगलाबाईने परातीकडे हात नेला. भिंतीला टेकलेला वाल्मिक तेवीस वर्षांचा बाप्या, पण लाजून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"थांबा बाई," धुरपदाबाई म्हणाली आणि दारातून उठून सुपापाशी आली. पदर डोईवर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. तिने परातीतून मूठ भरली, वर चिमूट घेतली आणि चौरंगाकडे पाहून म्हणाली, "सुषमा लोटू बोरसे."

गहू सुपात पडले.

पोरीची मूठ पडली हे आक्रीत एक, आणि बाईने नवऱ्याचं नाव घेतलं हे दुसरं. आधी कशाला दचकावं ते लोकांना उमजेना. धुरपदाबाईचे स्वतःचे कान तापले होते. बावीस वर्षांत ते नाव पहिल्यांदा तिच्या जिभेवर आलं होतं, आणि ऐकायला तो नव्हता.

"हाई काय करं तू?" मंगलाबाईच्या तोंडून घरची अहिराणीच निघाली.

"मनी पोर शे," धुरपदाबाई म्हणाली. "तिना बापना घरनी मूठ टाकी."

सखाराम बायकोकडे पाहत म्हणाले, "तिला सांग, पोरीची मूठ नसते. काढ म्हणावं ती."

"काढा ना नाना," धुरपदाबाई थेट त्यांनाच म्हणाली. "त्यातले सुषमाचे दाणे कोणते, ते वेचून द्या. मी उचलते आणि घरी जाते."

सखारामांनी सुपात पाहिलं. लाल-पिवळे दाणे, एकासारखा एक. त्यांनी उगाच वरचे चार दाणे बोटाने बाजूला केले. त्यातला एखादा गणपतचाही असेल, या विचाराने पुन्हा आत लोटले.

"हे सूप बाजूला ठेवा," ते म्हणाले. "नवे गहू घ्या. सगळ्यांची नावं पहिल्यापासून."

"आणि ह्या सुपातले?" एका चुलत भावजयीने विचारलं.

"गाईला घाला."

तेव्हा मंगलाबाईने दोन्ही हात सुपावर आडवे धरले. "हात लावू नका त्याला. माझ्या पोरांची नावं पडलीत त्यात. देवीसमोर नाव घेतलेली मूठ गाईला घालता? उद्या काही बरंवाईट झालं तर मास्तरकी कामाला येईल का तुमची?"

"आमचं बाळ बारा दिवसांचं आहे," बाळंतिणीची सासू म्हणाली. "मी नाही ओतू द्यायची."

मग सगळ्याच बाया सुपाभोवती सरकल्या. धुरपदाबाईच्या बाजूने कुणी नव्हतं. प्रत्येकीला आपापल्या नावांची पडली होती. पण दाणे एकत्र होते, त्यामुळे सुषमाचं राखल्याशिवाय आपलं राखता येत नव्हतं.

"आणि वाल्मिकचं काय?" सखारामांचा आवाज चढला. "अग्नी दिलाय त्याने."

"त्याचे उपकार मी जन्मभर मानीन," धुरपदाबाई म्हणाली. "त्या दिवशी मान हलवली ती माझी चूक. पोर पुढे आली होती आणि मी गप्प बसले. पण मडकं धरलं म्हणून बाप बदलत नसतो. काय रे वाल्मिक, तुझ्या बापाचं नाव काय?"

वाल्मिकने बापाकडे पाहिलं. "सखाराम," तो म्हणाला. आणि मग आईला, "माय, माझी मूठ राहिली. टाक ना."

मंगलाबाईने नवऱ्याची वाट पाहिली नाही. सव्वा मूठ घेतली आणि नवऱ्याचं नाव घ्यायला नको म्हणून नुसती म्हणाली, "हा आमचा मधला." त्याबरोबर बाया खुसखुसल्या आणि सूप घंटीवर गेलं.

रविवारी कानबाई बसली. नथ घातली, चुनरी लागली, खीर-पुरण आणि गंगाफळाच्या भाजीचा नैवेद्य झाला. पंगतीत सखारामांच्या ताटात रोट आला तेव्हा ते बराच वेळ नुसते बसून राहिले. सोडावा तर देवीचा अवमान, खावा तर पोरीची मूठ मान्य. धुरपदाबाई वाढत होती. तिने त्यांच्या रोटावर तूप सोडलं, आणि हात आखडता घेतला नाही. शेवटी त्यांनी तुकडा मोडला. समोरच्या ओळीत सुषमा दुसरा रोट मागत होती.

वर्षभर ते धुरपदाबाईशी बोलले नाहीत. तसे पूर्वीही बोलत नव्हते, त्यामुळे तिचं फारसं अडलं नाही. शहाण्णवच्या श्रावणातही सुषमाची मूठ तिनेच नाव घेऊन टाकली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुषमाचं लग्न कडोदऱ्याच्या प्रमोद वाघशी झालं. तांदळाचं ताट आलं तेव्हा मुलाकडच्या बायांनी नवं नाव ठरवून आणलं होतं, निशा. धुरपदाबाईने विहिणीला पान-सुपारी दिली आणि म्हणाली, "नाव आणायची तसदी कशाला घेतली, तिला आहे एक." प्रमोद हसला आणि त्याने सुषमा लिहिलं. धुरपदाबाईने ताट उचललं आणि लेकीच्या बाजूला फिरवून ठेवलं. "वाच," ती म्हणाली.

त्या श्रावणात पुन्हा सूप मांडलं. सखारामांना वाटलं, पोर परघरी गेली, आता तिकडची झाली, प्रश्न मिटला. लग्न झालेली लेक रोटाला धनी नसते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यांनी सगळी घरं पुकारली आणि पंचा झटकला.

धुरपदाबाई सुपापाशी येऊन बसली होती. उजवी मूठ भरलेली, वर चिमूट. तिने काही वाद घातला नाही. चौरंगाकडे पाहिलं आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं.

सखारामांनी ते पाहिलं. धाकट्या भावाचं नाव त्याच्या बायकोच्या तोंडून भरल्या घरात पुन्हा ऐकण्यापेक्षा आपणच घेतलेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं. घाईघाईने, मान दुसरीकडे वळवून ते पुटपुटले, "सुषमा... लोटू... बोरसे."

धुरपदाबाईची मूठ तशीच सुपावर थांबली.

"नाना," ती म्हणाली, "मधलं ऐकू आलं नाही."