लोधीखेड्यामागची टेकडी

पांढुर्ण्याला जाताना माझ्या पिशवीत दोन लुगडी होती, चिवड्याचा पितळी डबा होता आणि एक अर्धवट वही होती. मनात काय होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मनात हेवा होता. चिवडा सिंधूसाठी होता. जिच्यावर मनातल्या मनात जळायचं, तिच्याकडे रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही.

सिंधू माझी नॉर्मल शाळेतली मैत्रीण. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी आम्ही दोघी नागपूरला मास्तरणीचं शिक्षण घेत होतो आणि वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. पुढे ती तिच्या पांढुर्ण्यात मुलींच्या शाळेवर लागली, मी आमच्या लोधीखेड्यात. मग राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची सौंसर तहसील मध्य प्रदेशातच राहिली. तिसरीच्या भूगोलात छापलेलं 'आपली राजधानी नागपूर', आणि राजधानी तर भोपाळला! पोरी विचारायच्या, "बाई, आपण कुठं गेलो?" आपण कुठंच गेलो नाही, हे समजावता समजावता माझा घसा कोरडा पडायचा.

शेवटी वरून हुकूम आला. तहसिलीतल्या शिक्षकांनी आपल्या भागाचा इतिहास-भूगोल मुलांना कळेल अशा भाषेत लिहावा. सगळ्यांत चांगली वही छापून निघेल आणि सगळ्या शाळांत तिसरीला लागेल. ती वही माझीच निघावी, यात माझा जीव अडकला होता. माझं लग्न जमलं नाही. भावांच्या भरल्या घरात माझं म्हणावं अशी एक ट्रंक, आणि तिच्यावर वही ठेवून मी लिहायची. छापील पुस्तकावर एकदा आपलं नाव पाहावं, एवढं एकच मागणं होतं.

पण माझी वही तहसिलीतल्याच पांढुर्ण्यावर येऊन अडली. पाहिल्याशिवाय लिहिणार काय? सिंधूला पत्र टाकलं. उत्तर आलं, 'ये. सगळं दाखवते. मीही लिहून राहिली आहे.' ते शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

लोधीखेड्याहून सौंसरपर्यंत आमची छोटी गाडी (अरुंद रुळांची) आहे. सौंसर तहसिलीचं ठाणं, तिथे कचेरी, तिथे सगळे साहेब. पण मोटारीची वाट पाहताना ऐकलं तर तिथेही सगळ्यांच्या तोंडी पांढुर्णाच. आता कामं भोपाळची, आणि पांढुर्ण्यावरून इटारसीकडे मोठ्या लाईनीची गाडी थेट जाते. राजधानी बदलली आणि पांढुर्णा बसल्या जागी मोठा झाला! आम्ही मात्र भोपाळला जायचं तर आधी उलटं नागपूरला जायचं. मला मेलं तेही सहन झालं नाही.

मोटारीत माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी संत्र्यांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते.

"कोणत्या गावच्या बाई तुमी?"

"लोधीखेड्याची."

"म्हंजे भांड्याच्या गावच्या! पांढुर्ण्याले काय काम काढलं?"

"भूगोल पाहायला चालले."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मंग खिडकीकडं सरकून बसा ना, बाई. तो इकडूनच चालू होते."

आणि खरंच, उजव्या हाताला सातपुड्याची निळी ओळ चालू झाली होती. डावीकडे सपाट रान, कापसाच्या पऱ्हाट्या (झाडं), आणि त्या रानातच कुठेतरी नवी सीमा. मी डोळे ताणून पाहिलं. पऱ्हाट्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सारख्याच होत्या, वेचणाऱ्या बायाही सारख्याच.

अर्ध्या वाटेत मोटारीनं वाफ सोडली. कंडक्टर ओरडला, "उतरा बाप्पा सारे! पाणी पाजा लागते इले." आम्ही उतरलो. जवळच जाम नदी होती, तिथून तो डबा भरून आणायला गेला. मी काठावर उभी राहिले. ही नदी पांढुर्ण्याहून येते आणि पुढे आमच्या लोधीखेड्याला जाते. म्हणजे सिंधूनं सकाळी पाय बुडवलेलं पाणी संध्याकाळी माझ्या घागरीत. नदीसुद्धा आधी तिची! म्हाताऱ्या बाबांनी संत्रं सोलून माझ्या हातावर अर्धं ठेवलं. "खा, बाई. पांढुर्ण्याचा भूगोल म्हंजे हाच हाय," ते म्हणाले. इतकं गोड होतं की रागच आला.

सिंधू मोटार स्टँडवर उभी होती. मला पाहिल्याबरोबर तिनं पिशवी ओढून घेतली.

"अवं माय! किती वाळली वं मनू! चाल, आधी रोडगे खाऊ, मंग गाव."

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवलेले. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तिच्या सासूबाई वाढत होत्या आणि प्रत्येक वाढणीला सुनेचं एक कौतुक होतं. "आमची सिंधू लिवते न, तवा मी घरात कोणाले बोलू देत नाही." मी रोडगा मोडला आणि मान हलवली. जेवण झाल्यावर सिंधूनं तिची लिहायची जागा दाखवली. टेबल होतं, खुर्ची होती, खिडकी होती, आणि खिडकीतून डोंगर दिसत होता. मला माझी ट्रंक आठवली. तिला एका बाजूनं पोचा आहे.

संध्याकाळी ती मला स्टेशनवर घेऊन गेली. फलाटावर संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या, कापसाच्या गाठी पडलेल्या, आणि मधून मोठी गाडी धडधडत आली. तिच्या मागच्या अंगाला आणखी एक इंजिन लागलं.

"पाहून राहिली ना? पुढं घाट हाय. एका इंजिनानं नाही होत."

आमची छोटी गाडी तर एकाच इंजिनानं धापा टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर चढलो. वर गेल्यावर सारं उलगडलं. मागे सातपुड्याच्या रांगा, पायथ्याशी संत्र्याचे बगीचे, मग कौलारू गाव, मधून जाम, आणि नदीपलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथेच गोटमार होते. नदीत पळसाचं झाड रोवतात, आणि ते तोडून न्यायला दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात.

"गोष्ट अशी सांगतात," सिंधू म्हणाली, "का पोरगी तिकडची, पोरगा इकडचा. तिले घेऊन येता येता नदीतच गाठले दोघाइले."

"आणि गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी काय करतात?"

"काय करतीन? डोक्याले पट्टी बांधून एकमेकाइले वांगे विकतात."

मी हसले. हसता हसता लक्षात आलं की हे असं माझ्या वहीत कुठेच नाही. माझ्या वहीत आहे, 'पांढुर्णा हे जाम नदीच्या तीरावर वसलेले व्यापारी गाव आहे.' सगळं बरोबर, आणि एकही पोर जागं राहणार नाही.

दुपारी सिंधू शाळेत निघाली. जाताना तिची वही माझ्यापुढे ठेवली. "वाच. चुका काढजो. सोमवारी साहेबाकडं द्यायची हाय."

वाचायला घेतली आणि मला उठवेना. काय लिहिलं होतं बाईनं! डोंगर कुठून कसा येतो, भोसल्यांच्या काळात कोणत्या वाटेनं माल जायचा, इंग्रजांची गाडी कोणाच्या वावरातून गेली, निशाण बदललं त्या दिवशी शाळेत काय वाटलं. जणू सिंधू पोरांना हाताला धरून चाललीय. मनात आलं, शाईची दौत सांडावी. आलं खरंच, खोटं कशाला सांगू?

मग लोधीखेड्याचं पान आलं. पहिलं वाक्य होतं, 'लोधीखेड्याला सकाळ कोंबड्याने होत नाही, तांबटांच्या हातोड्याने होते.'

हे वाक्य माझं होतं. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं रडताना मी तिला हे सांगितलं होतं. पुढचंही सारं माझंच. नव्या घागरीवर पडणारं ऊन, हातोड्यांचे वेगवेगळे आवाज, आवाजावरून कोणाचं दुकान ते ओळखणं. आणि माझ्या स्वतःच्या वहीत काय? 'येथे तांब्यापितळेची भांडी तयार होतात.' झालं! माझं गाव तिच्या वहीत जिवंत होतं आणि माझ्या वहीत मेलेलं. सहन तरी कसं करायचं?

पानाच्या शेवटी मात्र मी थबकले. 'गावामागे एक टेकडी आहे. तिच्यावरून स्वच्छ दिवशी नागपूरच्या किल्ल्यावरचे निशाण दिसते.' शेजारी नकाशा, आणि नकाशात तपकिरी पेन्सिलीनं नीट रंगवलेली टेकडी.

लोधीखेड्यामागे टेकडी नाही. कधीच नव्हती. ती मी केली होती. स्वातंत्र्याच्या दिवशी आम्ही साऱ्या मुली किल्ल्यावरचं निशाण पाहायला गेलो होतो. परत येताना सिंधूची टकळी सुरू झाली. आमच्या गावी डोंगर, आमच्या गावी मेलगाडी, आमच्या गावी संत्री. माझ्याकडे काय होतं? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावामागं टेकडी आहे. तिथून हे निशाण थेट दिसतं." तिनं डोळे मोठे केले, "खरंच वं?" आणि त्या दिवसापुरती मी जिंकले.

आता वही तपासणारे इन्स्पेक्टर साहेब पूर्वी आमच्याच शाळेत हेडमास्तर होते. गावची पायवाट न् पायवाट त्यांच्या पायाखालची. भूगोलाच्या वहीत नसलेली टेकडी पाहिली की ते काय करणार, हे सांगायला नको. सिंधूची वही बाजूला पडेल. मग दुसरी वही कोणाची?

ती शाळेतून आली. "कशी वाटली?"

"छान आहे."

"चुका?"

"काही नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि चहा टाकायला गेली. रात्रीच्या जेवणाला तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) आमटी होती, मला ती फार आवडते, पण चव लागली नाही. ती शाल पांघरायला देत होती, डब्यात संत्री भरून देत होती, आणि मी आपली मनात म्हणत होते, सांगायचं तर आपली थाप कबूल करावी लागेल. सांगायचं तर वही गेली. आणि मी कुठे तिला लिहायला सांगितलं होतं? तिनं खात्री करायला नको? अशी मी स्वतःशी वकिली करत राहिले.

तिसऱ्या दिवशी ती स्टँडवर सोडायला आली. मी मोटारीत बसले. ती खिडकीखाली उभी. "पुन्हा येजो वं मनू," म्हणाली आणि खिडकीतून माझा हात धरला. लिहिणाऱ्या बोटावर शाईचा डाग होता, तसाच माझ्याही बोटावर. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. हात सुटला. मोटार वळणाला लागली तेव्हा मला राहवलं नाही. खिडकीबाहेर अर्धी वाकून मी ओरडले, "सिंधू! ती टेकडी खोडून टाक! आमच्या गावी टेकडी नाहीये!"

सगळी मोटार माझ्याकडे वळली. कंडक्टर म्हणाला, "बाई, अंदर बसा."

धुरळ्यातून सिंधूचा आवाज आला. दोन्ही हात तोंडाशी धरून ती ओरडत होती, "मले मालूम हाय! मी पाहून आली!"

सौंसरपर्यंत मी एकाच बाजूला बघत बसले. डोंगर आता त्या बाजूला नव्हता, पण मला ते कळलंही नाही.

चार दिवसांनी तिचं पत्र आलं. नॉर्मल सुटल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात ती नागपूरहून छोट्या गाडीनं रामाकोन्याला लग्नाला गेली होती. लोधीखेडा आलं तसं तिनं दोन्हीकडच्या खिडक्यांतून टेकडी शोधली. शेजारच्या बाईला विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली. 'मी कोणाला बोलले नाही,' तिनं लिहिलं होतं. 'ते पान तुझ्यासाठीच लावलं होतं. साहेबाला द्यायच्या प्रतीत टेकडी नव्हती. तू सांगतेस का, ते पाहायचं होतं. वसतिगृहात तू गावाचं बोलायचीस तेव्हा मी फार जळायची. माझ्याजवळ डोंगर होता, पण मला तो तुझ्यासारखा सांगता यायचा नाही. तुझं ऐकून ऐकूनच लिहायला शिकली. रात्रभर वाट पाहिली, मनू. उशीर केला तू, पण सांगितलं.'

पत्र ट्रंकेत ठेवलं. त्या रात्री मी माझ्या वहीतलं लोधीखेड्याचं पान फाडून पुन्हा लिहिलं. बरं झालं होतं, पण उशीर झाला होता. सिंधूचीच वही निवडली गेली. छापून आली, वर तिचं नाव. पहिली प्रत हातात घेतली तेव्हा मला आनंद झाला का, असं कोणी विचारलं तर खरं सांगते, नाही झाला. अजूनही त्या नावावर नजर गेली की आत काहीतरी चावतं.

दर वर्षी तिसरीला मी तेच पुस्तक शिकवते. लोधीखेड्याचं पान आलं की एखादी पोरगी उभी राहून मोठ्यानं वाचते, 'लोधीखेड्याला सकाळ कोंबड्याने होत नाही, तांबटांच्या हातोड्याने होते. हे गाव सपाटीवर आहे. गावामागे टेकडी नाही.' इथे ती हमखास अडते. खिडकीबाहेर पाहते, मग माझ्याकडे पाहते.

"बाई, जे नाहीच, ते भूगोलात काहून लिवलं?"

सातपुड्याच्या रांगा, जामचा उगम, भोपाळची वाट, काहीही विचारा, मी सांगते. एवढ्यालाच मी फळ्याकडे वळते आणि म्हणते, "पुढं वाच."